दोन वाजून तेहतीस मिनिटे

नागपूरच्या हुडकेश्वरला लाइन गेली की आधी शेजारच्या घराकडे पाहतात. शेजारचीही गेली असेल तर डीपी उडाली. सगळ्या वस्तीची गेली असेल तर फीडर, म्हणजे उपकेंद्रातून वस्तीला येणारी वाहिनी. अख्खे ग्रीडच कोसळले असेल, ही तिसरी शक्यता सहसा कुणाच्या मनात येत नाही.

३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी, दोन दिवसांत दोनदा, तेच घडले. दुसऱ्या वेळी ६० कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश विजेविना राहिला. महाराष्ट्राचे दिवे चालू होते, म्हणून आपण ती दूरची बातमी म्हणून वाचली. पण ज्या वाहिनीवरून हे सारे सुरू झाले, तिच्यातून धावणारी वीज आपल्या बाजूने, पश्चिमेकडून, जात होती. हा २८ ते ३१ जुलै या चार दिवसांचा घटनाक्रम, आणि त्यानंतरच्या काही नोंदी.

शनिवार, २८ जुलै २०१२

मध्य प्रदेशातल्या बीना उपकेंद्रापासून ग्वाल्हेरमार्गे आग्र्यापर्यंत ४०० केव्हीच्या दोन समांतर वाहिन्या जात होत्या. पश्चिम भारताची वीज उत्तरेला नेणारा हा मुख्य रस्ता. त्यांपैकी दुसरी वाहिनी आज बंद करण्यात आली. बिघाड काही नव्हता. ती ७६५ केव्हीवर न्यायची होती, म्हणजे पुढे तिच्यातून अधिक वीज जावी. काम आधीपासून ठरलेले होते आणि काही दिवस चालणार होते.

दोन पदरी रस्त्याचा एक पदर खोदायला घेतला. वाहतूक तेवढीच राहिली.

शनिवार, रात्र

त्या वेळची व्यवस्था समजून घ्यायला हवी. ऑगस्ट २००६ मध्ये उत्तरेचे ग्रीड बाकीच्यांना जोडले गेले. तेव्हापासून उत्तर, पूर्व, पश्चिम आणि ईशान्य असे चार विभाग एकाच लयीत चालत होते. कोराडीचे जनित्र आणि पंजाबातल्या रोपडचे जनित्र सेकंदाला ५० आवर्तनांच्या एकाच तालावर फिरत होते. दक्षिण तेवढी वेगळी होती. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला १,००० मेगावॉटचे एचव्हीडीसी, म्हणजे उच्चदाब एकदिश प्रवाहाचे, केंद्र आहे. तिथून दक्षिणेला वीज जाई, पण ताल जोडलेला नव्हता.

या तालावर लक्ष ठेवणारी माणसे चोवीस तास पडद्यासमोर बसलेली असतात. दिल्लीला राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र, मुंबईत पश्चिम विभागाचे, ऐरोलीला महाराष्ट्राचे आणि नागपुरात अंबाझरीला त्याची शाखा. कोणत्या राज्याने किती वीज घ्यायची याचे वेळापत्रक रोज ठरते, दर १५ मिनिटांच्या हिशेबाने. ते पाळायचे की नाही, हे मात्र शेवटी राज्याच्या हातात असते. फीडर बंद करणारा हात स्थानिक वीज कंपनीचा असतो.

रविवार, २९ जुलै, दुपार

पहिला इशारा आला. पश्चिम आणि उत्तर विभागांना जोडणाऱ्या काही वाहिन्या पाठोपाठ ट्रिप झाल्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या. उरलेल्या वाहिन्यांवरचा भार चढला. बीना-ग्वाल्हेरची एकुलती वाहिनी टिकली, म्हणून ग्रीड टिकले. पुढे चौकशी समितीने या दुपारची नोंद थोडक्यात टळलेला अपघात अशीच केली.

त्या दिवशी सगळीकडचे दिवे चालू राहिले. टळलेल्या अपघाताची बातमी होत नाही.

रविवार, संध्याकाळ

पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाने दडी मारली होती. भाताची रोपे शेतात होती आणि विहिरींवरचे पंप अखंड चालू होते. शहरांत उकाडा होता. उत्तरेतली राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. पश्चिमेत उलटे चित्र होते. मागणी उतरलेली, जनित्रे मात्र चालू. इथल्या काही राज्यांच्या कंपन्या ठरल्यापेक्षा कमी वीज घेत होत्या, आणि त्यांची शिल्लक वीज ग्रीडमध्ये ढकलली जात होती.

ती जाणार कुठे? जिथे ओढ आहे तिथे. वाट उरलेली एक.

विभागीय केंद्रांकडून राज्यांना संदेश जाऊ लागले. उत्तरेला सांगितले जात होते, ओढ कमी करा. पश्चिमेला सांगितले जात होते, निर्मिती उतरवा किंवा आपल्या वाट्याची वीज उचला. संदेश पोचले. प्रतिसाद पुरेसा आला नाही. उत्तरेत फीडर बंद करणे म्हणजे रात्री उकाड्यात शेकडो गावांचा राग ओढवून घेणे. पश्चिमेत जनित्र उतरवणे म्हणजे पैसा सोडणे. प्रत्येक खोलीतला निर्णय त्या खोलीपुरता शहाणपणाचा वाटत होता.

सोमवार, ३० जुलै, मध्यरात्र

आता गुजरात-राजस्थानच्या बाजूचे महत्त्वाचे दुवेही बंद होते. काही दुरुस्तीसाठी, काही ट्रिप होऊन. पश्चिमेकडून उत्तरेला जाणारा मोठा प्रवाह जवळजवळ पूर्णपणे एका वाहिनीच्या भरवशावर होता.

०२:०० नंतर

उत्तर विभागाची निर्मिती सुमारे ३२,६०० मेगावॉट, मागणी सुमारे ३८,३००. पश्चिम विभागाची निर्मिती सुमारे ३३,०००, मागणी सुमारे २८,०००.

बीना-ग्वाल्हेर वाहिनीतून सुमारे १,४५० मेगावॉट जात होते. अशा लांब वाहिनीचा एक नैसर्गिक भार असतो, ज्यावर तिचा दाब टोकापर्यंत स्थिर राहतो. या वाहिनीचा तो ६९१ मेगावॉट होता. दुपटीहून अधिक ओझे होते. ग्वाल्हेरच्या बाजूला दाब खाली येत होता.

पडद्यावरचा फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे त्या तालाचा, आकडा ४९.६८ हर्ट्झ होता. कुणाची झोप उडावी असा तो नव्हता. त्या काळात याहून वाईट आकड्यांवर ग्रीड रात्रभर चालत असे. धोका फ्रिक्वेन्सीत नव्हता. तो एका वाहिनीच्या दाबात आणि प्रवाहात होता.

०२:३३:११

प्रत्येक मोठ्या वाहिनीच्या टोकाला रिले बसवलेला असतो. तो दाब आणि प्रवाह यांचे गुणोत्तर मोजतो. तार जमिनीला टेकली की दाब पडतो आणि प्रवाह वाढतो. रिलेला तेच कळते आणि तो वाहिनी तोडतो. त्याच्या तिसऱ्या टप्प्याची नजर सर्वांत लांबवर असते. आपल्या वाहिनीपलीकडचाही बिघाड त्याने पाहावा, म्हणून.

या क्षणी दाब पडलेला होता आणि प्रवाह वाढलेला होता. कारण मात्र ओझे हे होते. रिलेने ते लांबचा बिघाड म्हणून वाचले. बीना-ग्वाल्हेर वाहिनी ट्रिप झाली.

सेकंदाच्या दहाव्या भागातच ग्वाल्हेर-मालनपूर ही २२० केव्हीची वाहिनीही सुटली.

०२:३३:१३

पश्चिमेची वीज थांबली नाही. तिने दुसरी वाट धरली: पश्चिमेकडून पूर्वेला, ओडिशा-झारखंडमार्गे, आणि तिथून बिहारवरून उत्तरेला. शेकडो किलोमीटरचा वळसा. दोन्ही बाजूंची जनित्रे एकमेकांच्या तालातून सरकू लागली. झोका जसा हाताबाहेर जावा तशी वीज वाहिन्यांमध्ये पुढेमागे हेलकावू लागली. जमशेदपूर-राउरकेला वाहिन्या सुटल्या.

०२:३३:१५

गोरखपूर-मुझफ्फरपूर सुटली. पाठोपाठ बलिया आणि बिहारला जोडणाऱ्या वाहिन्या सुटल्या. पहिल्या ट्रिपपासून चार-पाच सेकंदांत उत्तर भारत उरलेल्या देशापासून तुटला.

त्यानंतरची काही सेकंदे

इथे शेवटचा बचाव होता. मागणी निर्मितीपेक्षा फार वाढली आणि फ्रिक्वेन्सी घसरू लागली, तर स्थानिक उपकेंद्रांतल्या रिलेंनी माणसाची वाट न पाहता आपोआप फीडर तोडायचे. काही भाग अंधारात जातो, पण बाकीचे वाचते. उत्तर विभागात कागदोपत्री अशी सुमारे ४,००० मेगावॉटची सोय होती. फ्रिक्वेन्सी किती वेगाने पडते ते पाहून तोडायची आणखी सुमारे ६,००० मेगावॉटची.

प्रत्यक्षात पुरेशी मदत मिळाली नाही. रिले ही वर्षानुवर्षे काही न करता भिंतीवर बसून राहणारी वस्तू आहे. ती तपासली नाही, तरी रोजच्या कामात काही अडत नाही.

उत्तर ग्रीड कोसळले. सुमारे ३६,००० मेगावॉट भार गेला. जम्मू-काश्मीरपासून राजस्थानपर्यंत आणि दिल्लीपासून उत्तर प्रदेशापर्यंत.

०२:३४

दिल्लीत एक छोटा तुकडा उजेडात राहिला. बदरपूरचे औष्णिक केंद्र सुमारे २५० मेगावॉटचा भार घेऊन आपल्यापुरते चालत होते. वीज खात्याच्या भाषेत याला बेट म्हणतात. भोवतालचा समुद्र अंधारा, मध्ये स्वतःची निर्मिती आणि स्वतःची मागणी जुळलेला एक भाग.

पश्चिम विभाग पूर्वेसोबत उभा राहिला. हुडकेश्वर तेव्हा नागपूर महानगरपालिकेत नव्हते, ग्रामपंचायत होती. इथली रात्र नेहमीसारखी गेली.

सोमवार, सकाळ

दिल्लीत मेट्रो खोळंबली. रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या. पश्चिम आणि पूर्व विभागातून वीज घेऊन एकेक उपकेंद्र जिवंत केले जात होते. बंद पडलेले औष्णिक केंद्र स्वतःच्या बळावर उठत नाही. त्याच्या पंपांना, पंख्यांना आणि कोळशाच्या चक्क्यांना आधी बाहेरून वीज लागते.

१६:००

उत्तर ग्रीड पूर्ववत झाले. साडेतेरा तास लागले.

केंद्रीय ऊर्जामंत्री तेव्हा सुशीलकुमार शिंदे. सोलापूरचे, महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री. चौकशी समितीची घोषणा झाली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे अध्यक्ष ए. एस. बक्षी प्रमुख. सदस्यांत ए. वेलायुधम होते, जे पूर्वी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे सदस्य होते.

सोमवार, रात्र

बीना-ग्वाल्हेर-आग्र्याची दुसरी वाहिनी अजून बंदच होती. रिलेची नजर होती तशीच होती. उत्तरेतले पंप पुन्हा सुरू झाले होते. पश्चिमेत वीज शिल्लक होती. कोसळण्याआधीची सगळी परिस्थिती दिवसभरात परत उभी राहिली होती. एकच गोष्ट वेगळी होती. आता त्याचा परिणाम काय होतो, हे सर्वांना ठाऊक होते.

मंगळवार, ३१ जुलै, दुपारी १२:५५

फ्रिक्वेन्सी सुमारे ४९.८४. आदल्या रात्रीपेक्षा चांगली. बीना-ग्वाल्हेर वाहिनीतून सुमारे १,२५० मेगावॉट जात होते. आदल्या रात्रीपेक्षा कमी, पण वाहिनीच्या नैसर्गिक भारापेक्षा बरेच जास्त.

१३:००:१३

बीना-ग्वाल्हेर वाहिनी ट्रिप झाली. तीच वाहिनी, तोच तिसरा टप्पा. या वेळीही वाहिनीवर बिघाड नव्हता.

१३:००:१५ आणि पुढे

हेलकावा या वेळी दुसऱ्या जागी फुटला. पश्चिम आणि पूर्व विभागांमधल्या वाहिन्या सुटल्या. आदल्या रात्री उत्तर एकटी तुटली होती. आता उत्तर, पूर्व आणि ईशान्य हे तिन्ही विभाग एकत्र तुटले आणि आपापल्या कमतरतेसह घसरत गेले. भार तोडणारे रिले याही वेळी पुरे पडले नाहीत.

सुमारे ४८,००० मेगावॉट भार गेला.

दक्षिणेला तालचेर-कोलार वाहिनीतून मिळणारी सुमारे २,००० मेगावॉट वीज एका झटक्यात थांबली. तिथली फ्रिक्वेन्सी ४९च्या खाली गेली. तिथले रिले चालले. सुमारे १,००० मेगावॉटचे फीडर आपोआप तुटले आणि दक्षिण ग्रीड उभे राहिले.

१३:०१, हुडकेश्वर

पश्चिमेत आता उलटा धोका होता. उत्तरेला जाणारी वीज अचानक अडली, जनित्रांवरचे ओझे उतरले आणि ती वेगाने फिरू लागली. फ्रिक्वेन्सी ५१.४ हर्ट्झच्या आसपास चढली. काही जनित्रे आपली आपण बंद झाली. ती झाली, म्हणून ताल पुन्हा सावरला.

छतावरचा पंखा त्याच तालावर फिरतो. भर दुपारी, जेवणाच्या वेळेला, नागपूरच्या प्रत्येक घरातला चालू पंखा त्या काही क्षणांत शंभराला दोन-तीन फेरे जास्त फिरला. डोळ्यांना दिसेल एवढा हा फरक नसतो. इतिहासातल्या सर्वांत मोठ्या वीज संकटांपैकी एकाचा आपल्या घरापर्यंत पोचलेला धक्का तेवढाच.

१३:०५

अंधारात पुन्हा काही बेटे शिल्लक होती. नरोरा अणुवीज केंद्राजवळ एक. बोकारो पोलाद कारखाना. आणि कोलकाता शहराचा एक भाग. तिथे सीईएससी ही १८९७ पासूनची स्थानिक वीज कंपनी स्वतः वीज बनवते आणि स्वतःच वाटते. आपली निर्मिती आणि आपली मागणी जुळवता आली, तेवढे शहर तिने वाचवले.

दुपार

रेल्वेच्या सुमारे ३०० गाड्या अडकल्या. दिल्ली मेट्रोच्या प्रवाशांना बोगद्यांतून बाहेर काढावे लागले. पश्चिम बंगालमधल्या कोळसा खाणींत सुमारे २०० कामगार जमिनीखाली राहिले, कारण वर आणणाऱ्या पाळण्यांना वीज नव्हती. ते सर्व सुखरूप वर आले.

याच दिवशी दिल्लीत मंत्रिमंडळाच्या खात्यांत बदल जाहीर झाले. सुशीलकुमार शिंदे यांच्याकडे गृहखाते गेले.

१५:३० च्या सुमारास

रेल्वे, मेट्रो, खाणी आणि रुग्णालये यांना आधी वीज मिळू लागली.

२१:३०

तिन्ही विभाग पूर्ववत झाले.

१६ ऑगस्ट २०१२

समितीने अहवाल दिला. चार कारणे सांगितली. एकाच वेळी बंद असलेल्या अनेक वाहिन्यांमुळे अशक्त झालेले दुवे. बीना-ग्वाल्हेर-आग्रा वाहिनीवरचा अति भार. जास्त ओढणाऱ्या उत्तरेने आणि कमी उचलणाऱ्या पश्चिमेने सूचनांना दिलेला अपुरा प्रतिसाद. आणि भाराला बिघाड समजून तोडणारा रिले. हे सायबर हल्ल्याने घडले नाही, असेही समितीने स्पष्ट केले.

तिसरे कारण पुन्हा वाचावे. त्यात पश्चिमेचे नाव आहे. वृत्तपत्रांत उत्तरेच्या हावरेपणाचीच चर्चा झाली. घेणाऱ्याने जास्त घेतले तसे देणाऱ्यानेही थांबवले नाही. आपण उजेडात राहिलो, याचा अर्थ आपण नियम पाळले असा होत नाही.

३१ डिसेंबर २०१३

रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणही त्याच तालात आली. देशाचे एक ग्रीड झाले. सोलापूर त्याचा सांधा आहे. त्यानंतर फ्रिक्वेन्सीचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ इतका अरुंद करण्यात आला.

१२ ऑक्टोबर २०२०, सकाळी १० वाजून गेल्यावर

मुंबईची वीज गेली. लोकल थांबल्या. बेस्ट, टाटा पॉवर आणि अदानी या कंपन्यांच्या ग्राहकांसाठी १९८१ पासून एक संरक्षण होते. बाहेरचे ग्रीड कोसळले तर मुंबईने स्वतःचे बेट करून जगायचे. त्या सकाळी बाहेरून येणाऱ्या वाहिन्या एकामागून एक गेल्या, आणि शहरात त्या वेळी चालू असलेली निर्मिती मागणीला पुरली नाही. बेट टिकले नाही. बेट करायची यंत्रणा होती, पण बेटाला लागणारी वीज त्या क्षणी बेटावर नव्हती.

९ फेब्रुवारी २०२५, सकाळी साडेअकराच्या सुमारास

श्रीलंकेत पानदुरा उपकेंद्रात एक माकड यंत्रणेला चिकटले. काही वेळात संपूर्ण देश अंधारात गेला.  शेजारून उसनी घ्यायची वाहिनी त्या देशाला नाही. चहूबाजूंनी समुद्र. उत्तर भारताला ३० जुलैच्या सकाळी पश्चिमेने आणि पूर्वेने हात दिला होता. बेटावरच्या देशाला स्वतःच्याच धरणांनी आणि जनित्रांनी उठावे लागते.

आज

हुडकेश्वर आता महानगरपालिकेत आहे आणि वस्ती वाढते आहे. इथल्या कुठल्याही फीडरवर, ग्रीड घसरले तर आपोआप तुटायचा रिले असू शकतो. एखाद्या दिवशी तो चालेल, आपल्या घरातली लाइन जाईल आणि आपण फोनवर कुणाला तरी बोल लावू. त्या वेळी एवढे लक्षात ठेवावे, की ३० जुलैला उत्तरेत हेच फीडर वेळेवर तुटले असते, तर बाकीच्यांचे दिवे राहण्याची आशा होती. आणि वीज कंपनीला विचारायचेच असेल तर हे विचारावे: हा रिले शेवटचा कधी तपासला?

पहिल्या आणि दुसऱ्या कोसळण्यात ३४ तास २७ मिनिटांचे अंतर होते. एवढ्या वेळात कुठे तार तुटली नव्हती, कुठे मनोरा पडला नव्हता. वाहिनी शाबूत होती.